नाणं खोटं, पण माणूस?

जुन्या नाण्यांचा नाद एकदा लागला की सुटत नाही. सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकून मोबाइलवर लिलाव बघणारं एखादं पात्र तुमच्या ग्रुपमध्ये असेलच. कदाचित ते पात्र तुम्हीच असाल. पॉकेटमनीतून आधी एखादी शिवराई घेतली जाते, मग ब्रिटिश अमलातला चांदीचा रुपया, आणि हळूहळू नजर तयार होते. नजर तयार झाली की एक नवाच प्रश्न उभा राहतो. समोरचा विक्रेता लोकांना गंडवतोय असं आपल्याला दिसलं, तर आपण करायचं काय?

दिसण्यासारखं बरंच असतं. ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, रामदरबार, अतिदुर्मिळ’ ही जाहिरात तुम्ही हमखास पाहिली असेल. कंपनीने रामदरबाराचं किंवा हनुमानाचं नाणं चलनात कधी आणलंच नव्हतं. हे नंतर कुणीतरी पाडलेले टोकन आहेत, पूजेत ठेवण्यापुरते. ‘चांदीचा’ म्हणून विकायला ठेवलेला रुपया चुंबकाला चिकटला, तर तो चांदीचा नाही. ‘शेतात नांगरताना सापडलं’ असं लिहिलेलं असेल तर अजून गंमत. १८७८च्या गुप्तधनाच्या कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. म्हणजे विक्रेता एकतर थाप मारतोय किंवा कायदा मोडल्याची कबुली देतोय!

मग टाकायचा का स्क्रीनशॉट ग्रुपवर? लाल बाण काढून, खाली ‘चोर’ असं लिहून? जरा थांबा.

शिवराईचंच उदाहरण घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. अक्षरं वाचली की कुणालाही वाटणार, नाणं महाराजांच्या काळातलंच. पण शिवराई महाराजांच्या नंतरही पाडली जात होती, पेशवाईत तर मोठ्या प्रमाणावर. त्यामुळे ‘शिवकालीन’ म्हणून विकायला ठेवलेली शिवराई प्रत्यक्षात शंभर वर्षांनी धाकटी असू शकते. विकणारा लबाड असेल. किंवा आजोबांचा डबा उघडून, इंटरनेटवर दोन मिनिटं शोधून, भाबडेपणाने लिहिणारा एखादा गृहस्थही असेल. दोघांची जाहिरात शब्दाशब्दाने सारखीच दिसते. अज्ञान, हलगर्जी आणि लबाडी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्क्रीनशॉटमध्ये त्यांतला फरक दिसत नाही.

फरक दिसतो तो वागण्यातून. चूक दाखवून दिल्यावर जाहिरात सुधारणारा एक, आणि तुम्हाला ब्लॉक करून तेच नाणं दुसऱ्या खात्यावरून विकायला काढणारा दुसरा. म्हणून पहिली पायरी साधी आहे: आधी विक्रेत्याला विचारा. ‘हे टोकन वाटतंय, कंपनीचं नाणं नाही. वर्णन बदलाल का?’ एवढा एक मेसेज. सभ्यपणा तर आहेच, पण उत्तर काय येतं हाच तुमचा पहिला पुरावा असतो.

काही वेळा मात्र लबाडी उघड असते आणि ती जागरूक लोकांमुळेच पकडली जाते. २०००मध्ये अमेरिकेत केनेथ वॉल्टन नावाच्या वकिलाने ईबेवर एक अमूर्त चित्र विकायला ठेवलं. ते रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत चित्रकाराचं असावं असा भास त्याने निर्माण केला आणि बोली २५ सेंटवरून १,३५,८०५ डॉलरपर्यंत चढली. मग उघड झालं की आपल्याच वस्तूवर तो खोट्या खात्यांवरून बोली लावत होता. ईबेने विक्री रद्द केली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि त्याने गुन्हा कबूल केला. खोटी बोली ओळखायची ही पद्धत आजही कामाला येते. एकच खातं एकाच विक्रेत्याच्या वस्तूंवर पुन्हा पुन्हा बोली लावतं आणि जिंकत मात्र कधीच नाही, तर दाल में काला आहे.

आता डोंबिवलीकरांना हे वेगळं सांगायला नको. २००५च्या ‘डोंबिवली फास्ट’मधला माधव आपटे आठवतोय? रोजची लबाडी बघून बघून विटलेला, सरळमार्गी बँक कर्मचारी. त्याचा राग आपल्याला पटतो, म्हणून तो सिनेमा अजूनही टोचतो. पण त्याच्या हातात बॅट येते, तेव्हा तोच फिर्यादी, तोच न्यायाधीश आणि तोच शिक्षा देणारा होऊन बसतो. ऑनलाइन बॅट तर फारच हलकी असते. ‘धडा शिकवू’ म्हणून घ्यायचंच नसताना मोठी बोली लावून लिलाव उधळायचा, पाच मित्रांकडून न वापरलेल्या मालाला एक स्टार द्यायला लावायचा, प्रोफाइलवरून घरचा फोन नंबर काढून ग्रुपवर फिरवायचा. यातली पहिली दोन कामं म्हणजे विक्रेत्याचीच लबाडी आपण उलट्या बाजूने करणं. तिसरं तर थेट त्याच्या घरच्यांना त्रास देणं आहे.

आणि बोंब मारणाराही नेहमी साधुसंत नसतो. तो त्याच नाण्यांचा प्रतिस्पर्धी विक्रेता असू शकतो. भाव पाडून स्वतःच ते घ्यायला टपलेला ग्राहकही असू शकतो. ‘सावधान’ असा फॉरवर्ड आला की तो कुणाच्या फायद्याचा आहे, हेही बघा.

कायदाही हीच रेघ ओढतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गोष्ट खरी असणं एवढंच पुरत नाही, ती सांगण्यात लोकांचं हितही असावं लागतं. सद्‌हेतूने दिलेल्या सावधगिरीच्या इशाऱ्यालाही कायद्यात जागा आहे. म्हणून शब्द जपून वापरा. ‘हा माणूस चोर आहे’ यापेक्षा ‘या नाण्याची कड ओतीव दिसते, ही कारणं, हे फोटो’ असं लिहा. वस्तूबद्दल बोला, माणसावर शिक्का मारू नका. तुमचं चुकलं तर मागे घेणंही सोपं जातं.

मात्र गप्प बसणं हा यावरचा उपाय नव्हे. तुम्ही गप्प बसलात तर तुमच्यासारखाच एखादा फर्स्ट इयरचा पोरगा तीन महिन्यांची बचत त्या टोकनावर घालवेल. साइटवर तक्रार करा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. ‘तुमच्या नाण्याचे लाखो देतो, आधी रिझर्व्ह बँकेचं शुल्क भरा’ असं कुणी म्हटलं, तर तिथे आधी विचारपूस करण्याची गरजच नाही. बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी स्पष्ट केलंय की ती अशा व्यवहारांत पडत नाही आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही. तो अज्ञानी नाही, भामटाच आहे. थेट तक्रार करा.

बाकीच्या वेळी मात्र हात जरा आवरा. नाणं पारखायला भिंग, वजनकाटा आणि चुंबक पुरतं. माणूस पारखायला निदान एक प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याच्या उत्तराची वाट बघावी लागते.