नाताळचा केक आणि मोहाची फुलं

"अवो सूनबाई, घरात हा कायचा वास येऊन राह्यला? पोलिस येतीन ना दारावर!"

सासूबाईंची हाक ऐकून मी स्वयंपाकघरात धावले. फडताळातल्या काचेच्या बरणीचं झाकण उघडलं, तर फस्सकन फेस वर आला आणि घरभर मोहाच्या दारूचा वास! गोष्ट दारूबंदीच्या काळातली आहे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती. बचत गटाच्या सभेत दारूविरुद्ध तावातावाने बोलणारी मी, आणि माझ्याच घरात हा प्रकार! मैत्रिणींनो, मी दारू गाळत नव्हते हो. मी नाताळचा केक करायला निघाले होते.

आता राजुऱ्यात नाताळचा केक कुठून आला, असं तुम्ही म्हणाल. आमच्या भागात कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. त्यामुळे नोकरीनिमित्त देशभरातली माणसं इथे येऊन राहतात. आमच्या शेजारी केरळची एक नर्स राहायची. सगळी गल्ली तिला 'सिस्टर' म्हणायची. दिवाळीला आमच्याकडून तिच्याकडे चिवडा आणि अनारसे जायचे आणि नाताळला तिच्याकडून फळांचा केक यायचा. दुकानातल्या केकसारखा क्रीमने नटलेला नव्हे. काळपट, जड, जायफळ-दालचिनीच्या वासाचा. एकदा मी तिच्या मागेच लागले, "सिस्टर, हा केक मला शिकवाच."

ती म्हणाली, "ताई, आमच्याकडे सुकी फळं कितीतरी आठवडे रममध्ये भिजवतात." झालं! बंदी नसती तरी आमच्या घरात बाटली आली नसती. पण सिस्टरने तिच्या माहेरची एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यात बसली. केरळातल्या थलश्शेरीला मांबळ्ळी बापू नावाचे बेकरीवाले होते. १८८३ मध्ये मर्डोक ब्राऊन नावाच्या इंग्रज मळेवाल्याने त्यांना विलायतेचा केक दाखवला आणि असाच करून द्या म्हणाला. त्यात फ्रेंच ब्रँडी घाला, असंही सुचवलं. बापूंनी काय केलं, तर काजूच्या बोंडांपासून आणि केळ्यांपासून गावीच तयार होणारं पेय त्यात वापरलं. साहेब खूश झाला. भारतातला पहिला नाताळचा केक तो हाच, असं सांगतात.

मला वाटलं, बापूंनी आपल्या गावचं घातलं, तर आपण आपल्या गावचं का घालू नये? नागपुरी संत्री बाजारात येतातच. चारोळी आमच्या जंगलातली. टुटीफ्रुटी म्हणजे तरी काय, कच्च्या पपईचे पाकवलेले तुकडेच ना! आणि मनुक्यांच्या जोडीला मोहाची फुलं. वाळलेलं मोहफूल दिसायला आणि चवीला मनुक्याच्या जवळचंच. म्हणून मी सगळं संत्र्याच्या रसात भिजवलं आणि सिस्टरसारखं आठ दिवस ठेवून दिलं. इथेच फसले! रममध्ये फळं टिकतात, कारण मद्यार्क त्यांना सडू देत नाही. रसात ती ताकद नाही. त्यात मोहफुलात भरपूर साखर. यीस्ट लागलं की ती आंबणारच. मी केकची तयारी करत होते आणि बरणीत दारूची तयारी चालली होती! सगळं मोरीत ओतलं आणि खिडक्या उघड्या टाकल्या.

दुसऱ्या वेळी फळं एकच रात्र भिजवली आणि केक छान झाला. मोठ्या उत्साहाने तो घेऊन मी जंगलाला लागून असलेल्या एका गावी गटाच्या बैठकीला गेले. सगळ्यांना तुकडा दिला आणि म्हटलं, "ओळखा पाहू, यात काय आहे?" मोह म्हणताच एका बाईने तोंडाशी नेलेला तुकडा खाली ठेवला. म्हणाली, "मॅडम, या फुलानं माझं घर खाल्लं. मी याले नाही खाऊ शकत."

मी गप्प झाले. तिचा नवरा पिऊन पिऊन गेला, हे मला ठाऊक होतं. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गारच्या हाकेवर आमच्या जिल्ह्यातल्या बाया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या होत्या, त्या अशाच दुःखापायी. आणि मी तिच्यापुढे मोहाचा केक ठेवून कोडी घालत होते! माझीच मला लाज वाटली.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली एक गोंड आजी बोलली, "फुलाचा काय दोष वो बाई? पावसाळ्यात घरात दाना नसे, तवा याच फुलानं आमाले जगवलं. भाकरीत घालत होतो, तिळासंग कुटून लाडू करत होतो. दारू तं मानसानं केली."

कोणी काही बोललं नाही. ती बाईही नाही. पण आजीचं वाक्य मी घरी घेऊन आले. मार्च-एप्रिलमध्ये अंधारात उठून, टोपली घेऊन, टपटप गळलेली फुलं वेचतात त्या बायाच. वाळवतात त्याच. आणि त्याच फुलाची दारू होऊन परत येते, तीही त्यांच्याच घरात! त्या वेळी मोहफुलं साठवायला, न्यायला-आणायला सरकारी नियमांची आडकाठी होती. ती २०२१ मध्ये राज्य सरकारने काढली. आता बाया उघडपणे फुलं साठवू शकतात, चांगला भाव येईपर्यंत थांबू शकतात. पण घरात पैशाची नड असली, तर थांबणार कशी? दारूवाला रोख देतो. आमच्या गटाच्या केकला वर्षाला पाच-सहा किलो फुलं पुरतात. केकने सगळा प्रश्न सुटेल, असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण मोह म्हणजे फक्त दारू, हे तरी आपल्या डोक्यातून जायला हवं.

आता कृती सांगते. अर्धी वाटी वाळलेली मोहफुलं घ्या. आतले केसर काढून टाका, नाहीतर घशात टोचतात. फुलं दोन-तीन पाण्यांतून धुवा. अर्धी वाटी काळे मनुके, अर्धी वाटी चिरलेला खजूर, अर्धी वाटी टुटीफ्रुटी आणि मोहफुलं तीन संत्र्यांच्या रसात पाच मिनिटं उकळा. गार करून एक रात्र फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीज नसेल तर त्याच दिवशी केक करा. बरणीत आठ दिवस मुळीच नको, माझी फजिती आठवा!

चार मोठे चमचे साखर कोरडीच तांबूस जाळा आणि जपून त्यात पाव वाटी गरम पाणी घाला. केकचा काळपट रंग यानेच येतो. दीडशे ग्रॅम लोणी आणि सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर हलकं होईपर्यंत फेटा. त्यात एकेक करून तीन अंडी घाला. अंडं चालत नसेल तर पाऊण वाटी दही आणि अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा घाला. दोनशे ग्रॅम मैदा, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, थोडी दालचिनी, सुंठ, जायफळ चाळून मिसळा. साखरेचं गार झालेलं पाणी घाला. फळं निथळून, त्यांना चमचाभर मैदा चोळून मग मिसळा, म्हणजे ती तळाशी बसत नाहीत. वरून चारोळी पेरा.

ओव्हन नाही? मोठ्या कुकरची रबरी रिंग आणि शिटी काढा. पाणी न घालता तळाला दोन वाट्या मीठ पसरा, वर जाळी ठेवा आणि दहा मिनिटं तापवा. मग तूप लावलेल्या डब्यात मिश्रण ओतून, मंद आचेवर तासभर भाजा. सुरी खुपसून पाहा. कोरडी निघाली की केक झाला. पूर्ण गार झाल्यावरच कापा.

त्या बाईचं सांगायचं राहिलंच. पुढच्या उन्हाळ्यात ती आमच्या घरी आली. पिशवीत किलोभर फुलं होती, केसर काढून स्वच्छ केलेली. म्हणाली, "दारूवाल्याले नाही देल्ली यंदा. तुमी घ्या." मी पैसे दिले, चहा ठेवला. केक होता घरात, पण तिच्यापुढे ठेवावा की नाही, कळेना. जाताना तीच म्हणाली, "पोरायसाठी द्या एक तुकडा."

स्वतः तिने अजून खाल्लेला नाही. मीही आग्रह करत नाही.