सागरेश्वरच्या कुंपणातली हरणे

मोहरममध्ये कडेगावचे उंच ताबूत पाहायला आमच्या वाचकांपैकी पुष्कळ कुटुंबे जातात. तिथून कुंडलकडे येताना सागरेश्वरचे डोंगर लागतात. तिकडे मात्र फार थोडे लोक वळतात. ज्यांच्याबरोबर मुले असतील त्यांनी जरूर वळावे. चितळ, सांबर आणि काळवीट हे तिन्ही प्राणी इथे अवघ्या 10.87 चौरस किलोमीटरमध्ये आहेत.

हे जंगल निसर्गाने दिलेले नाही. उघड्याबोडक्या डोंगरांवर झाडे लावली गेली, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य घातले, हरणे बाहेरून आणून सोडली आणि 1985 साली अभयारण्य जाहीर झाले. बारमाही पाणी नाही, म्हणून पाणवठेही माणसानेच केलेले. चहूकडे ऊस आणि वस्ती असल्यामुळे कुंपण आले. नाव अभयारण्याचे असले, तरी आमच्या मते हे अर्धे जंगल आणि अर्धे प्राणिसंग्रहालय आहे. म्हणूनच प्राणिसंग्रहालयांतल्या संशोधनाशी इथल्या हरणांचा थेट संबंध आहे. वनक्षेत्रपालांना शिकवणारी वनखात्याची प्रबोधिनी शेजारी कुंडलमध्येच आहे, हा चांगला योग.

मांजर बांधून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस आपल्या घरात लहान मुलांनाही ठाऊक असते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. त्या स्त्रीने मांजराला खायला दिले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला मोकळेही सोडले नाही. ती शिक्षेस पात्र ठरली. ज्या प्राण्याची वाट आपण अडवली, त्याचे पोट आपल्या जिम्मेदारीत आले, हे यातून उघड होते. पण चारापाणी दिले की जिम्मेदारी संपली का? या प्रश्नाचे उत्तर प्राणिसंग्रहालयांच्या जुन्या नोंदवह्यांतून मिळाले.

1979 साली कॅथरीन रॉल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पिंजऱ्यात जन्मलेल्या खुरांच्या प्राण्यांच्या 16 जातींच्या नोंदी त्यांनी तपासल्या. कोणते पिल्लू कोणत्या आईबापाचे आणि ते जगले की मेले, एवढीच साधी माहिती. 16 पैकी 15 जातींत नात्यातल्या नर-मादीची पिल्ले जास्त प्रमाणात मेलेली आढळली. चारा तोच, गोठा तोच, औषधपाणीही तेच. फरक फक्त रक्ताचा. त्या काळी कित्येक संग्रहालये एका नरावर पिढ्यान्पिढ्या कळप चालवत असत. या अभ्यासानंतर वंशावळीच्या नोंदी आणि संग्रहालयांमधली नरांची अदलाबदल यांना खरे वजन आले. आपल्याकडे शेळ्या पाळणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. कळपातलाच बोकड किती दिवस ठेवायचा आणि दुसऱ्या गावचा कधी आणायचा, हे त्यांना बरोबर कळते. कुंपणातल्या हरणांसाठी मात्र हा हिशेब कोणाला तरी मुद्दाम ठेवावा लागतो.

तो ठेवला तर काय होते, हे अरबस्तानच्या ओरिक्सने दाखवले. हे पांढरे, लांब सरळ शिंगांचे हरीण बंदुका आणि मोटारींपुढे टिकले नाही. रानातला शेवटचा कळप 1972 साली ओमानमध्ये संपला. पण त्याआधीच, 1960 च्या दशकात, रानातून पकडलेले आणि लंडन, कुवेत, सौदी अरब इथून मिळालेले असे अवघे 9 प्राणी अमेरिकेतल्या फिनिक्स प्राणिसंग्रहालयात जमवले होते. नाती पाहून त्यांची पैदास केली. 1980 मध्ये काही प्राणी ओमानला परतले. त्यांना थेट सोडले नाही. वाळवंटाची सवय व्हावी म्हणून आधी कुंपणात ठेवले आणि 1982 मध्ये दार उघडले. राखण करायला तिथल्याच हरासीस जमातीचे लोक नेमले. 1996 पर्यंत संख्या 450 च्या आसपास गेली.

पुढची हकीकत कडू आहे. श्रीमंतांच्या खाजगी संग्रहांसाठी जिवंत ओरिक्स चोरून पकडले जाऊ लागले. 2007 पर्यंत 65 उरले, सरकारने राखीव क्षेत्रही 90 टक्क्यांनी घटवले आणि युनेस्कोने ते आपल्या जागतिक वारशाच्या यादीतून काढले. त्या यादीतून वगळलेले ते पहिले स्थळ. ओरिक्सची जात वाचली ती इतर देशांतही कळप वाढवले होते म्हणून.

आपल्या देशातही काम झाले आहे, आणि तेही सागरेश्वरच्याच जातींवर. गाईम्हशींचे कृत्रिम रेतन आपल्या गावोगावी चालते. हैदराबादच्या 'लाकोन्स' प्रयोगशाळेने तेच तंत्र हरणांसाठी बसवले. 2006 मध्ये चितळाचे आणि 2007 मध्ये काळविटाचे पाडस त्यातून जन्मले. याचा फायदा मोठा आहे. हरीण अतिशय भित्रे, पकडण्याच्या धसक्यानेही ते दगावते. नर हलवण्याऐवजी त्याचे वीर्य हलवता आले, तर कळपात नवे रक्त येते आणि जीवही वाचतो.

सागरेश्वरची हरणे चांदोलीच्या जंगलात न्यावीत, अशी चर्चा अधूनमधून होते. चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि वाघ टिकायचा तर त्याला शिकार हवी. कुंपणाबाहेर येणाऱ्या हरणांमुळे पिके गमावणाऱ्या शेतकऱ्यालाही हे हवेच असणार. त्याची तक्रार खोटी नाही, त्याला भरपाई वेळेवर मिळायला हवी. आमचे म्हणणे एवढेच, की गाडीत भरण्याआधी कळपाच्या रक्ताची तपासणी व्हावी, नात्यांचा अंदाज घ्यावा, आणि ओमानसारखे काही महिने चांदोलीतच कुंपणात ठेवून मग सोडावे. माणसाने बांधलेल्या पाणवठ्यावर वाढलेल्या चितळाला तिथे पाणी स्वतः शोधायचे आहे, आणि पाण्यावर रानकुत्री त्याच्या आधी पोचलेली असतात.