टीव्हीचा पैसा येतो, मग रग्बी क्लब बुडतात कसे? (किंवा: ‘विषय’ आणि ‘प्रश्न’ यांतला फरक)



पीएच.डी.च्या मुलाखतीत ‘तुमचा रिसर्च क्वेश्चन काय?’ असं विचारलं की बरेच जण विषय सांगतात, प्रश्न सांगत नाहीत. ‘प्रक्षेपण हक्कांचा रग्बी क्लबांच्या अर्थकारणावर होणारा परिणाम’ हा विषय झाला. यातून प्रश्न कसा काढायचा ते आज बघू. मी स्वतः प्राणिशास्त्रातला एम.एस्सी., त्यामुळे रग्बी हा काही माझा प्रांत नाही. पण या उदाहरणात डेटा बराचसा उघडा आहे, कोडं स्वच्छ आहे आणि परिणाम खऱ्या माणसांच्या नोकऱ्यांवर झालेला आहे.

कोडं काय आहे?

रग्बी युनियन हा खेळ ऑगस्ट १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशी होता. खेळायचे पैसे घ्यायला परवानगीच नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या रग्बी संघटनांनी रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनशी १० वर्षांचा, सुमारे ५५ कोटी डॉलरचा करार जाहीर केला. दोनच महिन्यांत हौशीपणाचा नियम गेला. म्हणजे या खेळाचं व्यावसायिक रूप आणि टीव्हीचा पैसा ही जवळजवळ जुळी भावंडं.

आता २०२२ मध्ये या. इंग्लंडच्या प्रीमियरशिप या सर्वोच्च लीगमध्ये १३ क्लब होते. २०१३ पासून बीटी स्पोर्टकडून पैसे येत होते. २०१८ च्या अखेरीस सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने लीगमधला २७ टक्के वाटा २० कोटी पौंडांहून जास्त रकमेला घेतला होता. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये वूस्टर वॉरियर्स, ऑक्टोबरमध्ये वॉस्प्स आणि जून २०२३ मध्ये लंडन आयरिश असे तीन क्लब लीगबाहेर गेले. वॉस्प्स हा दोनदा युरोपचा विजेता ठरलेला संघ. तिथे एका दिवसात १६७ जणांची नोकरी गेली, त्यात खेळाडू होते तसे कर्मचारीही होते. पुढचा सीझन १० क्लबांवर सुरू झाला.

पैसा येत होता, मग असं का झालं?

पायरी १: आधी छेद बघा

बातमीत नेहमी अंश छापतात, छेद आपल्याला शोधावा लागतो. बीटीचा २०१२ मध्ये जाहीर झालेला करार ‘चार वर्षांसाठी १५ कोटी २० लाख पौंडांपर्यंत’ असा होता आणि त्यात युरोपीय सामन्यांचे हक्कही धरले होते. चार वर्षांनी भागा, मग तेव्हाच्या १२ क्लबांनी भागा. वर्षाला क्लबमागे साधारण ३२ लाख पौंड येतात. प्रत्यक्ष वाटप इतकं सरळ नसतं, पण अंदाज घ्यायला एवढं पुरे.

आता खर्चाची बाजू. लीगमध्ये खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा असते. २०१७-१८ मध्ये ती ७० लाख पौंड होती आणि काही ठरावीक स्टार खेळाडू त्या मर्यादेबाहेर ठेवता येत होते. म्हणजे टीव्हीच्या पैशातून मर्यादेपर्यंतच्या पगाराचा निम्मा भागही निघत नव्हता. स्टेडियम, प्रवास, डॉक्टर, अकादमी हे सगळं वेगळंच. शिवाय १० क्लबांच्या लीगमध्ये प्रत्येकाला घरच्या मैदानावर फक्त ९ लीग सामने मिळतात, मैदानाचा खर्च मात्र वर्षभर चालू.

पायरी २: पैसा जातो कुठे?

जीवशास्त्रात ‘रेड क्वीन’ नावाची कल्पना आहे. ली व्हॅन व्हेलन यांनी ती १९७३ मध्ये मांडली. शिकारी वेगवान झाला की भक्ष्यही वेगवान होतं. दोघंही जीव तोडून पळतात, पण एकमेकांच्या तुलनेत आहेत तिथेच राहतात.

लीगचंही तसंच आहे. टीव्हीचा पैसा सगळ्या क्लबांना एकदमच मिळतो. प्रत्येकाला वाटतं, आपण जरा चांगला खेळाडू घेऊ. पण सगळ्यांनीच तसं केलं की पहिला क्रमांक एकच राहतो आणि शेवटचाही एकच. वाढतात ते पगार. मर्यादा घातली तरी ती ओलांडायचा मोह सुटत नाही. २०१९ मध्ये सॅरसन्स या तेव्हाच्या विजेत्या क्लबला पगारमर्यादा मोडल्याबद्दल ५० लाख पौंडांहून जास्त दंड झाला, ३५ गुण कापले गेले आणि शेवटी क्लब खालच्या लीगमध्ये गेला.

यामागचं अर्थशास्त्र जुनं आहे. वॉल्टर नील यांनी १९६४ मध्येच दाखवलं होतं की खेळाचा धंदा विचित्र असतो. साबणाच्या कंपनीला प्रतिस्पर्धी बुडाला तर आनंद होईल. खेळात प्रतिस्पर्धी बुडाला तर सामनाच होत नाही. प्रीमियरशिपमध्ये हे शब्दशः घडलं. क्लब कमी झाले तसे सामने कमी झाले, आणि टीव्हीला विकायचा माल म्हणजे सामनेच.

पायरी ३: तुलना करा, पण घाई नको

फ्रान्सच्या टॉप १४ लीगला कनाल प्लुसकडून २०२३ ते २०२७ या काळात वर्षाला सरासरी ११ कोटी युरोंहून जास्त मिळतात. हे वाचून लगेच ‘टीव्हीचा पैसा जास्त म्हणून क्लब भक्कम’ असं लिहून टाकलंत, तर गाईड पहिल्याच पानावर लाल रेघ मारतील. कारण फ्रान्समध्ये इतरही गोष्टी वेगळ्या आहेत. बरीच स्टेडियम नगरपालिकांची आहेत. प्रेक्षक भरपूर येतात. आणि क्लबांचे हिशोब तपासणारी एक समिती आहे. अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत तर ती क्लबला खालच्या श्रेणीत पाठवण्यापर्यंत कारवाई करू शकते. तरीसुद्धा काही क्लब श्रीमंत मालकांच्या खिशावर चालतात.

यांना म्हणायचं कन्फाउंडर: कारण आणि परिणाम या दोन्हींना चिकटलेला तिसरा घटक. शिवाय बाण उलटाही असू शकतो. स्टेडियम भरलेलं दिसतं म्हणून टीव्हीवाले जास्त पैसे देत असतील.

पायरी ४: निसर्गाने केलेला प्रयोग

प्रयोगशाळेत आपण एक घटक काढून बघतो. इथे कोविडने ते काम केलं. ऑगस्ट २०२० मध्ये प्रीमियरशिप पुन्हा सुरू झाली ती रिकाम्या स्टेडियममध्ये. टीव्ही चालू, तिकीटबारी बंद. क्लबांना तग धरायला सरकारी कर्ज घ्यावं लागलं आणि पगारमर्यादा ५० लाखांवर आणावी लागली. यावरून एवढं नक्की म्हणता येतं की फक्त टीव्हीच्या पैशावर ही लीग उभी राहत नव्हती.

पण हा प्रयोगही पूर्ण स्वच्छ नाही, कारण पगारकपात आणि कर्ज हे बदल त्याच काळात झाले. आणि प्रत्येक क्लबची गोष्ट वेगळी. वॉस्प्सने कॉव्हेंट्रीच्या स्टेडियमसाठी २०१५ मध्ये ३.५ कोटी पौंडांचे रोखे काढले होते. त्यांची परतफेड मे २०२२ मध्ये करायची होती, ती जमली नाही. वर कराची थकबाकी. कोविड म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. अशा क्लबाबद्दल ‘टीव्हीचा पैसा कमी पडला म्हणून बुडाला’ हे वाक्य खोटं नसेल, पण अपुरं आहे.

आता प्रश्न लिहू

विषय: प्रक्षेपण हक्क आणि रग्बी क्लबांची आर्थिक स्थिती.

प्रश्न: प्रीमियरशिपमधल्या क्लबांचं केंद्रीय उत्पन्न एका पौंडाने वाढलं, तर पुढच्या दोन वर्षांत त्यातला किती भाग खेळाडूंच्या पगारात गेला?

फरक दिसला? दुसऱ्या वाक्यात कोण, कुठे, किती काळ आणि काय मोजायचं हे सगळं आहे. मुख्य म्हणजे उत्तर आपल्या अंदाजाविरुद्ध येऊ शकतं. पैसा पगारात न जाता कर्जफेडीत गेला असं निघालं, तर रेड क्वीनची कल्पना इथे लागू नाही हे मान्य करावं लागेल.

अडचणीही आधीच लिहून ठेवा. क्लब जेमतेम १३, म्हणजे नमुना लहान. पगारमर्यादा वेळोवेळी बदलली, तीही हिशोबात धरावी लागेल. आणि बुडालेले क्लब यादीतून गाळू नका. फक्त जगलेल्यांचा अभ्यास केला तर लीग आहे त्यापेक्षा निरोगी दिसेल.

गृहपाठ: ब्रिटनच्या कंपनीज हाऊस या सरकारी नोंदणी संस्थेच्या साइटवर कंपन्यांचे वार्षिक हिशोब फुकट मिळतात. कुठल्याही एका क्लबचे सलग पाच वर्षांचे हिशोब उतरवा आणि तीन रकाने करा: एकूण उत्पन्न, पगार, कर्ज. काही क्लब टीव्हीचा आकडा वेगळा दाखवत नाहीत. तसं दिसलं तर तुमचा प्रश्न त्यानुसार कसा बदलेल, ते दोन ओळींत लिहा. त्या दोन ओळी म्हणजे तुमच्या प्रपोजलमधल्या ‘मर्यादा’ या भागाचा पहिला मसुदा.