खुडूक कोंबडीचं काम कपाटाकडे

गावठी अंडी आहेत, पण उबवायला कोंबडी नाही? जुना बंद पडलेला फ्रीज, एक पंखा, दोन बल्ब आणि तापमान राखणारा कंट्रोलर यांतून घरच्या घरी उबवणी कपाट उभं राहतं. त्यातला एकेक भाग खुडूक कोंबडीचं एकेक काम करतो. म्हणून कपाट बनवण्याआधी कोंबडी काय करते ते बघू!

दुकानातलं अंडं उबत नाही
पुण्यात विश्रांतवाडीच्या कोपऱ्यावरच्या दुकानातला पांढऱ्या अंड्यांचा ट्रे कितीही ताजा असो, त्यातून पिल्लू निघणार नाही. लेअर फार्मवर कोंबडा नसतोच. अंडी हवीत कोंबडा असलेल्या कळपातली, शक्यतो आठवड्याच्या आतली आणि न धुतलेली. धुतलं की कवचावरचा नैसर्गिक संरक्षक थर जातो.

३७.५ म्हणजे ३७.५
पंखा असलेल्या कपाटात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस हवं, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट. तापाच्या थर्मामीटरवर हा आकडा असतोच! तो थर्मामीटर अंड्यांशेजारी ठेवून कंट्रोलरचा आकडा खरा की खोटा ते ताडून घ्या. एखादा अंश कमी झाला तर पिल्लं उशिरा निघतात, पण तेवढाच वाढला तर जास्त नुकसान होतं.

सगळं सामान पुण्यात
कंट्रोलर, सेन्सर, कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा आणि ट्रेची मोटर बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास मिळते. प्लायवुड हवं तर भवानी पेठेचं टिंबर मार्केट आहे. फ्रीजची बॉडी सगळ्यात भारी, कारण तिच्या भिंतींत आधीच इन्सुलेशन असतं. बल्ब आणि अंड्यांमध्ये जाळी हवीच. वीज जाईल तेव्हासाठी इन्व्हर्टर जोडून ठेवा.

थर्मोस्टॅटचा पूर्वज कोंबडीघरातला
आपोआप तापमान राखणाऱ्या पहिल्या यंत्रांपैकी एक सतराव्या शतकात कॉर्नेलियस ड्रेबेल या डच संशोधकाने बनवलं, तेही अंडी उबवण्यासाठी. इजिप्तमध्ये तर मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवण्याची कला दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

कूस बदलणं
कोंबडी दिवसभर चोचीने अंडी फिरवत असते. फिरवली नाहीत तर गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो. कपाटातला ट्रे मोटरवर एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला सुमारे ४५ अंश कलतो. अंड्याची रुंद बाजू वर, कारण हवेची पोकळी तिथे असते. हाताने फिरवणार असाल तर दिवसातून निदान तीनदा, आणि २१ दिवसांपैकी १८व्या दिवशी थांबायचं.

पाण्याचं गणित
कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्क्यांनी घटायला हवं. त्यासाठी आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवतात. पुण्यात जुलैची हवा इतकी ओलसर असते की पाण्याचं भांडं बरेचदा काढूनच ठेवावं लागतं. एप्रिलमध्ये मात्र ते रोज भरावं लागतं.

एप्रिलचा सापळा
कपाट तापवू शकतं, थंड करू शकत नाही. पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की बल्ब बंद असूनही आतलं तापमान चढतं. म्हणून कपाट घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा, पत्र्याखाली किंवा गच्चीवर कधीच नाही.

सातव्या रात्री टॉर्च
दिवे घालवा आणि टॉर्चच्या तोंडावर अंडं धरा. तांबूस उजेडात एक गडद ठिपका आणि त्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या शिरा दिसल्या, ठिपका मधूनच हलला, तर अंडं जिवंत आहे. नुसतं स्वच्छ पिवळं दिसलं तर ते बाजूला काढा.

शेवटचे तीन दिवस दार बंद
आर्द्रता ६५ ते ७० टक्के, झरोके उघडे. आता पिल्लं स्वतःच उष्णता सोडतात आणि त्यांना जास्त हवा लागते. पिल्लू आधी आतल्या हवेच्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं, मग चोचीवरच्या टोकदार दाताने कवचाला भोक पाडतं. तिथून बाहेर यायला बारा तास, कधी पूर्ण दिवस लागतो. मदत म्हणून कवच सोलू नका, आतल्या शिरा फुटून रक्त येतं.

जन्मतःच शिदोरी
पिल्लू निघण्याआधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि दोन दिवस त्यावर तगतं. म्हणून तर एक दिवसाची पिल्लं खोक्यातून दूरवर पाठवता येतात. विश्रांतवाडीशेजारच्या खडकीत राज्याच्या पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. उबवणीची हौस पुढे न्यायची असेल तर तिथे जरूर चौकशी करा.

माणसाच्या बाळांनाही ऊब
१८८०च्या सुमारास पॅरिसच्या डॉ. स्तेफान तार्निए यांनी प्राणिसंग्रहालयातलं अंडी उबवण्याचं यंत्र पाहिलं आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तशीच पेटी बनवून घेतली.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं: निघणाऱ्या पिल्लांत साधारण निम्मे कोंबडे असतात आणि ते पहाटे आरवतातच. त्यांची जागा, खाद्य, लसीकरण आणि शेजाऱ्यांची परवानगी आधी पक्की करा, मगच कपाटाचा स्विच लावा. २१ दिवसांनी जीव हातात येतो, त्याची जबाबदारीही आपलीच.