अंगणातल्या झाडासाठी

आवडता चित्रपट कोणता, असं कुणी विचारलं की मी 'नसीम' म्हणतो, आणि समोरचा गप्प होतो. बहुतेकांनी नावच ऐकलेलं नसतं. सईद अख्तर मिर्झा यांचा हा १९९५ सालचा चित्रपट. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही तो थिएटरांपर्यंत फारसा पोचला नाही. मी तो एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला, पत्र्याच्या खुर्चीवर बसून.

गोष्ट म्हटली तर एवढीशी. मुंबईतलं मध्यमवर्गीय मुस्लिम घर, शाळकरी नसीम आणि अंथरुणाला खिळलेले तिचे आजोबा. काळ १९९२ चा, जून ते ६ डिसेंबर. टीव्हीवर अयोध्येच्या बातम्या चालू, आणि आजोबा नातीला जुन्या आग्र्याच्या गमती सांगताहेत. पुढं काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून त्या गमती ऐकतानाच छातीत धडधडतं.

आजोबा झालेत कैफी आझमी. हो, शायर कैफी! १९७३ च्या आजारात त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. त्यामुळे खाटेवरच्या म्हाताऱ्याचं अवघडलेपण त्यांना वेगळं करून दाखवावं लागत नाही. आवाज मात्र शाबूत, खर्जातला. एखादा उर्दू शब्द अडला तरी त्या आवाजावरून अर्थ लागतो.

एका प्रसंगात मुलगा त्यांना विचारतो, फाळणीच्या वेळी आपण पाकिस्तानात का गेलो नाही? ते सांगतात, आग्र्याच्या घराच्या अंगणातलं झाड तुझ्या आईला फार आवडायचं. एका झाडासाठी? मुलाला ते पटत नाही. मला मात्र फाळणीवरच्या कित्येक जाड ग्रंथांपेक्षा हे उत्तर खरं वाटतं.

कविसंमेलनांत मला हमखास विचारतात, "तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसं लिहिता?" पूर्वी मी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासून इतिहास सांगत बसायचो. आता एवढंच म्हणतो, आमची अम्मी नळावर शेजारणींशी हीच भाषा बोलायची. तरी पुढचा प्रश्न येतोच, "पण घरी काय बोलता?"

चित्रपटात ६ डिसेंबरलाच आजोबा जातात. मिर्झांनी दंगल दाखवलेली नाही. त्यानंतर बरीच वर्षं त्यांनी नवा कथापटच केला नाही.