तासाला चोवीस मैल : स्कॅमेल पायोनियर आणि त्याचा विस्मृत कर्ता

उत्तर आफ्रिकेतील युद्धावरच्या पुस्तकांत कोणाकडे किती रणगाडे होते याचे तक्ते हमखास सापडतात. परंतु संध्याकाळी बंद पडलेल्या रणगाड्यांपैकी किती दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहिले, हा अधिक निर्णायक आकडा त्या तक्त्यांत क्वचितच असतो. वाळवंटात रणगाडा कायमचा नष्ट होण्यापेक्षा त्याचा पट्टा तुटणे, इंजिन बसणे किंवा तो वाळूत रुतणे अधिक घडे, आणि रात्री रणभूमी ज्याच्या ताब्यात राही त्याला आपली नादुरुस्त यंत्रे परत मिळत, शिवाय शत्रूचीही. हे गणित जर्मनांना आधी उमगले होते. त्यांची ओढगाडी पथके लढाई चालू असतानाच पुढे घुसून रणगाडे मागे आणत, तर 1941 च्या हिवाळ्यापर्यंत ब्रिटिशांची हीच व्यवस्था खात्याखात्यांत विभागलेली होती. आयुध खाते एका प्रकारची वाहने दुरुस्त करी, वाहतूक खाते स्वतःची वाहने स्वतः पाही, अभियंता दलाचा कारभार तिसराच असे, आणि या वाटणीत कुशल फिटर भलत्याच कामावर वाया जात.

या गोंधळावरचा महत्त्वाचा दस्तऐवज एका मुलकी समितीचा आहे. सैन्यातील कुशल कारागिरांचा वापर तपासण्यासाठी 1941 मध्ये नेमलेल्या त्या समितीचे अध्यक्ष होते सर विल्यम बेव्हरिज, म्हणजे पुढच्याच वर्षी सामाजिक विम्याचा अहवाल देऊन जगभर गाजलेले तेच गृहस्थ. यांत्रिक दुरुस्तीसाठी स्वतंत्र दल उभारावे, अशी शिफारस या समितीने केली आणि 1 ऑक्टोबर 1942 रोजी, अलामीनच्या दुसऱ्या लढाईच्या तीनच आठवडे आधी, 'रीमी' या नावाने ओळखले जाणारे विद्युत व यांत्रिकी अभियंता दल स्थापन झाले. भारतीय सेनेतील तसेच दल 1943 चे. त्याचीच एक मोठी कार्यशाळा आज पुण्याजवळ खडकीला आहे. बेव्हरिजच्या चरित्रात सामाजिक विम्याला जागा मिळते आणि फिटरांना तळटीप, हा अन्यायच म्हणावा लागेल.

या दलाच्या हाती जी जड ओढगाडी आली, ती स्कॅमेल पायोनियर. ती बनवणाऱ्या, लंडनजवळील वॉटफर्डच्या स्कॅमेल कारखान्याचा इतिहास अन्यत्र विपुल उपलब्ध असल्याने येथे एवढेच पुरे की, 1927 साली ही गाडी बाजारात आली तेव्हा रस्ते नसलेल्या मुलखातील जड वाहतूक तिच्या कर्त्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि सैन्याने ती नंतर आपलीशी केली. तिच्यापासून तोफा ओढणारी गाडी निघाली, रणगाडे वाहणारी निघाली, आणि 'एसव्ही-2-एस' ही बिघाडगाडी सुमारे दीड हजारांच्या संख्येने बनली. या बिघाडगाडीत मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्ट येथील गार्डनर कारखान्याचे सहा सिलिंडरांचे 8.4 लिटर डिझेल इंजिन होते, त्याची शक्ती 1700 फेऱ्यांना अवघी 102 अश्वशक्ती होती, आणि सुमारे दहा टनांच्या या गाडीचा कमाल वेग तासाला चोवीस मैलांच्या, म्हणजे अडतीस-एकोणचाळीस किलोमीटरच्या आसपास होता. आजच्या साध्या मोटारीचे इंजिनही याहून जोमदार असते. तेव्हा या गाडीचे सामर्थ्य इंजिनाबाहेर शोधावे लागते.

ते तिच्या मागच्या चाकांत आहे. सहा चाकांच्या साधारण लष्करी ट्रकला मागे दोन स्वतंत्र आस असतात. पायोनियरला मात्र मागे एकच आस आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक लांबट पेटी खिळीवर झुलती बसवलेली आहे. पेटीत दंतचक्रांची माळ असते आणि ती आसाकडून आलेले बळ पेटीच्या पुढच्या व मागच्या टोकाच्या चाकांना पोचवते. पुढचे चाक दगडावर चढले की पेटी तिरपी होते आणि मागचे चाक तेवढेच खाली दबते. चाकांची ही वर-खाली होण्याची मुभा सुमारे दोन फुटांपर्यंत जाते आणि तरीही चारही चाके जमीन सोडत नाहीत. एका बाजूची दोन्ही चाके दंतचक्रांनी बांधलेली असल्याने त्यांपैकी एकच चाक चिखलात नुसते गरगरत राहणे शक्यच नाही. पुढचा आसही मधोमध आडव्या स्प्रिंगखाली झुलता आहे. वळणावर टायर घासतात ही या रचनेची किंमत, पण ज्या गाडीने रस्ता सोडूनच काम करायचे तिने ती खुशाल मोजावी.

ही रचना ऑलिव्हर डॅन्सन नॉर्थ यांची, आणि अभियांत्रिकीच्या इतिहासात या माणसाची झालेली उपेक्षा खटकल्याशिवाय राहत नाही. स्कॅमेलच्या आधी, 1922 च्या सुमारास, राल्फ लुकास यांच्यासह नॉर्थ यांनी एक मोटार घडवली होती. तिचे हवेने थंड होणारे पाच सिलिंडरांचे इंजिन विमानाच्या इंजिनासारखे वर्तुळाकार असून ते मागे बसवलेले होते, अंग आणि सांगाडा एकसंध होता आणि चारही चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा होत्या. यांतील बहुतेक कल्पना पुढे मोटारउद्योगाने स्वीकारल्या, पण नॉर्थ-लुकास मोटारीची एकच प्रत झाली. हलक्या मोटारीत यश न मिळालेला हा माणूस मग जडातल्या जड यंत्रांकडे वळला: 1929 चा शंभर टनी ट्रक, ज्याच्या दोनच प्रती निघाल्या, त्यांचाच, आणि नेपियर कंपनीकडून आलेल्या कल्पनेवर काम करून रेल्वेच्या मालधक्क्यांवर घोड्यांची जागा घेणारे तीनचाकी 'मेकॅनिकल हॉर्स' व्यवहारात उतरवले तेही त्यांनीच. चाकाने जमिनीशी कसे वागावे हा एकच प्रश्न या साऱ्या यंत्रांत पुन्हा पुन्हा सोडवलेला दिसतो.

अशी गाडी चालवणे हे मुख्यतः हिशेबाचे काम आहे. तिच्या पोटाखालील विंच, म्हणजे वायररोप गुंडाळणारे ढोलके, आठ टन ओढते, तर त्या काळचा माटिल्डा रणगाडा सुमारे सत्तावीस टनांचा होता. ओढपथकांत प्रचलित ठोकताळा असा की, वाहन चाकांपर्यंत रुतले असेल तर ते उपसण्यास त्याच्या वजनाइतके बळ लागते, मडगार्डपर्यंत रुतले तर दुप्पट, आणि केबिन किंवा बुरुजापर्यंत गेले तर तिप्पट. त्यामुळे कप्प्यांचा आधार घ्यावा लागतो. दोर रुतलेल्या रणगाड्यावरच्या कप्पीतून परत आणला की आठाचे सोळा टन होतात, आणखी कप्प्यांतून चार पदर केले की घर्षण वगळता बत्तीस, मात्र रणगाडा सरकण्याचा वेग त्याच प्रमाणात घटतो. येथे नवख्याची गफलत ठरलेली असते. परतलेल्या दोराचे टोक ओढगाडीलाच बांधले तर सोळाच्या सोळा टन तिच्यावर येतात आणि दहा टनांची गाडी मागे घसरत स्वतःच चिखलाकडे जाऊ लागते. तेच टोक झाडाला किंवा जमिनीत ठोकलेल्या नांगराला बांधले तर गाडीच्या वाट्याला आठच टन येतात. ताणलेला दोर तुटला तर तो माणूस कापू शकतो, म्हणून विंच चालू असताना दोराच्या रेषेत आणि त्याच्या वळणाच्या आतल्या बाजूस कोणीही उभे राहायचे नाही, हा नियम सर्वत्र सारखा आहे.

मागचा क्रेन हाताने चालवायचा, जवळच्या पल्ल्यावर तीन टन उचलणारा. त्याचा दांडा बाहेर सरकवता येई, पण पल्ला वाढला की उचल कमी होई. बंद वाहनाचे तोंड उचलून टोचन करून नेताना भार मागच्या चाकांच्याही मागे पडतो, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ होते. यावर उपाय म्हणून गाडीच्या नाकावर बिडाची वजने लावण्याची सोय होती. अमेरिकनांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. टेनेसीतील चॅटनूगाच्या अर्नेस्ट होम्स यांच्या कारखान्याने डायमंड टी ट्रकसाठी दोन दांड्यांचे यंत्र दिले, ज्यात एक दांडा एका बाजूला दोराने जखडून दुसऱ्याने विरुद्ध बाजूचे वाहन ओढता येई. रस्त्याकडेच्या खड्ड्यात कलंडलेल्या ट्रकसाठी ही युक्ती निर्विवाद श्रेष्ठ होती, परंतु खोल चिखलात मात्र नॉर्थ यांच्या झुलत्या पेट्यांकडे कौल झुकतो.

युद्धानंतर लष्कराने विकलेल्या पायोनियर गॅरेजवाल्यांनी, लाकूड वाहणाऱ्यांनी आणि जत्रेतील पाळणेवाल्यांनी घेतल्या. त्यांना स्वस्तात एवढे दणकट दुसरे काही मिळण्यासारखे नव्हते आणि गार्डनर इंजिन तेल पिण्यात विलक्षण काटकसरी होते. या गाड्या टिकल्या त्या वापरामुळे, संग्रहालयांमुळे नव्हे. आज त्या ठेवणाऱ्या हौशी मालकांत दोन पंथ पडलेले दिसतात: एक लष्करी हिरव्या रंगाकडे परतणारा, दुसरा गॅरेजवाल्याने केलेले फेरफारही इतिहासच मानणारा. दुसऱ्या पंथाची बाजू अधिक सबळ आहे, कारण युद्धातली पाच-सहा वर्षे गाडीच्या आयुष्याचा लहानसा भाग असून टोचनाची दशके त्याहून मोठी आहेत.

ब्रिटनचा कायदा या मालकांशी मोठ्या उदारपणे वागतो. चाळीस वर्षांहून जुन्या वाहनाला रस्ताकर माफ आहे, आणि 1 जानेवारी 1960 पूर्वी बनलेले मालवाहू वाहन रिकामे असेल तर ते साध्या मोटारीच्या परवान्यावरही चालवता येते. मात्र एवढ्या वजनाचे वाहन व्यवसायासाठी वापरले की करमाफी जाते आणि माल घेतला की परवान्याची सूटही उरत नाही, त्यामुळे जे काम करण्यासाठी ही गाडी बांधली गेली ते पोटासाठी करायचे म्हटले तर मालकाला जड वाहनाचा परवाना काढून करही भरावा लागतो.