मक्याच्या शेतातली अंडी

कॅनडातल्या ऑन्टॅरिओत स्नॅपिंग टर्टल हे दांडगं कासव जूनच्या सुमारास तळं सोडून अंडी घालायला निघतं. त्याला मोकळी, उन्हाची माती लागते. पेरणी नुकतीच झालेल्या मक्याच्या शेतात ती आयतीच मिळते. नेमकी तिथेच फवारणी, खतंही तिथेच.

कासवाच्या अंड्याचं कवच सच्छिद्र असतं. ते मातीतला ओलावा पितं आणि त्याबरोबर औषधही. तिथल्या शास्त्रज्ञांनी मक्यावरची औषधं आणि खतं घातलेल्या मातीत अंडी ठेवून पाहिली. अॅट्राझीन, ग्लायफोसेट या तणनाशकांनी पिल्लं मेली नाहीत. अमोनिया खताची मात्रा नेहमीपेक्षा बरीच वाढली, तेव्हा मात्र मेली.

पण जगलं म्हणजे सुटलं, असं नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये डेव्हिड क्रूज आणि सहकाऱ्यांनी लाल कानाच्या स्लायडर कासवाची अंडी तपासली. या जातीत उबदार घरट्यातून माद्या निघतात, थंड घरट्यातून नर. कवचावर क्लोर्डेन किंवा डीडीटीपासून बनणारं डीडीई लावताच हे गणित माद्यांकडे झुकलं!

ऑन्टॅरिओतल्या स्नॅपिंग टर्टलच्या मादीला वयात यायलाच पंधरा-वीस वर्षं लागतात. त्यामुळे मोठी कासवं तळ्यात दिसत राहतात आणि पिल्लं घटल्याचं उशिरा कळतं.